पहिली धार

मोहाच्या दिवसांत आमच्या घरी दोन माणसं पहाटे चारला उठायची. माय मोह वेचायला आणि मी अभ्यासाला. माय टोपली कमरेला लावून आंगणात उभी राहायची, माझ्या खोलीतल्या बल्बकडे बघायची आणि म्हणायची, "बापू, झाली का तुयी पोथी सुरू?" माझी पोथी म्हणजे फ्लुइड मेकॅनिक्स, हीट ट्रान्सफर, मास ट्रान्सफर. तिला एवढंच ठाऊक होतं, की पोरगा इंजिनीअर होऊन, नागपूरजवळच्या कारखान्यातली लागलेली नोकरी सोडून घरी आला आहे आणि जंगलाचा मोठा साहेब व्हायची परीक्षा देतो आहे. लोक विचारायचे तेव्हा ती सांगायची, "शिकून रायला अजून." त्यावर लोक गप्प बसायचे. सव्वीस वर्षांचा पोरगा अजून शिकून रायला म्हटल्यावर बोलणार तरी काय?

आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्याच्या गोंडपिपरी तालुक्यात. वैनगंगेचा पूल ओलांडला की आष्टी, तिथून गडचिरोली जिल्हा लागतो आणि रस्ता पुढे आलापल्लीच्या सागवानात शिरतो. आमच्याकडे जंगल बघायला जावं लागत नाही. ते घराच्या मागच्या कुंपणापाशीच येऊन थांबलेलं असतं. बाबांनी उभा जन्म बांबू तोडला. पावसाळा सरला की ते कुपात जायचे ते उन्हाळ्यापर्यंत. बल्लारपूरची कागद गिरणी १९४५ सालची. आमच्या दोन्ही जिल्ह्यांतला बांबू ट्रक भरभरून तिकडे जायचा. लहानपणी बाबांसोबत बल्लारपूरला गेलो, की बांबू शिजवल्याचा एक उग्र वास नाकात बसायचा. मी त्याला बाबांच्या मजुरीचा वास म्हणायचो. तो वास गंधकाच्या संयुगांचा असतो, क्राफ्ट पद्धतीत सोडियम हायड्रॉक्साइड आणि सोडियम सल्फाइडच्या द्रावणात लाकूड शिजवतात म्हणून येतो, हे मला पुष्कळ वर्षांनी नागपूरच्या लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेत शिकताना कळलं. १९४२ साली सुरू झालेली ही संस्था. आमच्या भागातल्या पोराला केमिकल इंजिनीअरिंग म्हटलं की दुसरं नाव आठवत नाही.

तिथंच वसतिगृहात एका सीनियरनं सांगितलं, "कलेक्टर व्हायच्या परीक्षेत आपला विषय नाही. सिव्हिल आहे, मेकॅनिकल आहे, इलेक्ट्रिकल आहे, केमिकल नाही. पण भारतीय वन सेवेच्या यादीत आहे." मला आधी थट्टाच वाटली. जंगल राखायला डिस्टिलेशन कॉलम कशाला लागतो? पण यादीत खरंच होतं. सहा पेपर. सामान्य इंग्रजी ३०० गुण, सामान्य ज्ञान ३०० गुण, आणि दोन वैकल्पिक विषयांचे प्रत्येकी दोन, दोनशे-दोनशेचे. एकूण १४००. वरून मुलाखत ३०० ची. रसायनशास्त्र आणि केमिकल इंजिनीअरिंग असे दोन्ही एकत्र घेता येत नाहीत. इंजिनीअरिंगचा एकच विषय चालतो. मी दुसरा विषय वनशास्त्र घेतला. झाडं तरी ओळखीची होती.

खरी अडचण दुसरीच होती. सगळे पेपर इंग्रजीत निघतात आणि उत्तरंही इंग्रजीतच लिहावी लागतात. पर्याय निवडून गोल काळा करायचा नाही. तीन तास बसून लिहायचं. आठ प्रश्न, त्यांतले पाच सोडवायचे, पहिला आणि पाचवा सक्तीचा. आकृती काढायची, समीकरण मांडायचं, गणित करायचं आणि त्याचा अर्थ शब्दांत सांगायचा. मी दहावीपर्यंत जिल्हा परिषदेच्या आणि मग तालुक्याच्या मराठी शाळेत शिकलेला. कॉलेजातही गव्हाण्यांच्या पुस्तकांवर तरून गेलो होतो. त्यांतलं इंग्रजी सोपं, आपल्या पोरांना झेपेल असं. ट्रेबल आणि लेव्हनस्पील उघडले की एका पानाला तास लागायचा.

बाबांना परीक्षेचं सांगितलं तेव्हा ते आंगणात टोपलीचा काठ वळत बसले होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजे तू गार्डाच्या साहेबाचा साहेब होशीन?"

"त्याच्याही वरचा."

"मंग तुया आज्याले ज्यानं चार बांबूंसाठी दंड केला होता, तो तुले सलाम करीन."

मी हसलो. बाबा हसले नाहीत. आजोबांनी घराच्या मांडवाला चार बांबू आणले होते. एका गार्डानं पकडलं. दंडाच्या रकमेसाठी बकरी विकावी लागली. ही गोष्ट आमच्या घरात अनेकदा सांगितली जायची, आणि प्रत्येक वेळी बकरी थोडी मोठी व्हायची. बाबा काठ वळत वळत म्हणाले, "सलाम करीन ते ठीक हाये. पन मले सांग, मी चार बांबू आनले तं तू का करशीन?"

तेव्हा मी उत्तर टाळलं.

पहिल्यांदा मुख्य परीक्षेला बसलो २०१४ साली. केंद्र नागपूर. सामान्य ज्ञान बरं गेलं, वनशास्त्रही. केमिकलच्या पहिल्या पेपरात मात्र सक्तीच्या प्रश्नाचे तुकडे लिहिण्यात तासभर गेला. मला येत नव्हतं असं नाही. मी मनात मराठीत वाक्य तयार करायचो, मग त्याचं इंग्रजी करायचो, मग ते बरोबर आहे का म्हणून पुन्हा वाचायचो. शेवटच्या प्रश्नाला हात घातला तेव्हा अकरा मिनिटं उरली होती. शेल अँड ट्यूब हीट एक्स्चेंजरची आकृती काढली आणि वेळ संपली. चाळीस गुणांचा प्रश्न, नुसती आकृती. निकालात नाव नव्हतं. २०१५ ला तर पूर्वपरीक्षेतच गेलो. पूर्वपरीक्षा तेव्हा ऑगस्टात असायची, म्हणजे ऐन रोवण्यात. सकाळी चिखलात परे लावायचे आणि रात्री डोळ्यांवर पाणी मारून पुस्तक उघडायचं, हे बोलायला सोपं आहे. घरी दोन हात असताना ते परीक्षेसाठी राखून ठेवावेत, असं मला सांगवलं नाही आणि घरच्यांना सुचलं नाही.

त्या वर्षी गावातल्या गुरुजींनी मला ताब्यात घेतलं. गुरुजी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले. सातवीपर्यंत मराठी आणि इंग्रजी शिकवलेली. केमिकल इंजिनीअरिंगचा त्यांना गंध नाही. त्यांनी माझी जुनी सरावाची उत्तरं चाळली आणि म्हणाले, "मले यातलं काही समजत नाई. पन तू का सांगून रायला, तेही समजत नाई. पयल्या ओरीत का ते सांग ना."

"सर, हे सगळं तांत्रिक आहे."

"तपासनाऱ्यापुढं शेकड्यानं गठ्ठे असतात बाबू. तुया तांत्रिकात त्यानं शोधत बसावं का?"

दुसऱ्या दिवसापासून शाळेच्या व्हरांड्यात आमचा वर्ग सुरू झाला. एक विद्यार्थी, एक मास्तर आणि एक गजराचं घड्याळ. तीन तास म्हणजे एकशे ऐंशी मिनिटं, भागिले पाच प्रश्न, म्हणजे प्रश्नाला छत्तीस मिनिटं. गुरुजी चावी देऊन छत्तीस मिनिटांचा गजर लावायचे. वाजला की वाक्य अर्धं असलं तरी वही ओढून घ्यायचे. सुरुवातीला मला राग यायचा. त्यांचा नियम ठरलेला: आधी आकृती, आकृतीतल्या प्रत्येक भागाला नाव, मग कोणती गृहीतकं धरली ती, मग समीकरण, मग आकडे, आणि शेवटी उत्तराचा अर्थ एका ओळीत. लांब वाक्य दिसलं की ते लाल पेनानं कापायचे. "इंग्रजी येत नसन तं लहान वाक्य लिही. लहान वाक्यात चूक करायलेही जागा नसते." पंधरा-वीस दिवसांत माझी वाक्यं आखूड झाली. दोन महिन्यांत मनातलं मराठी आपोआप मागे पडलं.

तरी एका ठिकाणी मी अडलो. बॅच डिस्टिलेशन. रॅलेचं समीकरण मी पाठ केलं होतं, इंटिग्रेशनही करत होतो, पण उत्तराचा अर्थ लिहायला सांगितला की गोंधळायचो. त्या क्षणी वाफेतून निघणारा द्रव आणि आतापर्यंत जमा झालेला सगळा द्रव, या दोघांच्या तीव्रता वेगळ्या असतात. मी एकीच्या जागी दुसरी लिहायचो. गुरुजींनी सवयीप्रमाणे विचारलं, "हे भांडं करते का?" मी सांगितलं, दोन द्रवांचं मिश्रण तापवायचं, जो लवकर उडतो त्याची वाफ आधी जास्त निघते, ती थंड करून गोळा करायची. गुरुजींनी चष्मा काढला. "अरे, मंग हे तं पयल्या धारेचं झालं! याले इतकं इंग्रजी कायले?"

ते मला गावाच्या टोकाला एका म्हाताऱ्याकडे घेऊन गेले. आमच्या जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी झालेली, गडचिरोलीत तर १९९३ पासूनच. त्यामुळे भट्टी लावून दाखवा म्हणायची सोय नव्हती आणि इच्छाही नव्हती. आम्ही फक्त विचारलं. म्हाताऱ्यानं आधी माझ्याकडे संशयानं पाहिलं. गुरुजी म्हणाले, "परीक्षेत येते जी त्याच्या." म्हातारा इतका हसला की त्याला खोकला आला. मग त्यानं काडी घेतली आणि आंगणातल्या मातीवर आकृती काढली. खाली चूल. तिच्यावर मडकं, त्यात भिजून आंबलेला मोह. मडक्याच्या तोंडाला दुसरं मडकं मातीनं लिंपलेलं. त्यातून निघालेली बांबूची नळी. नळीचं दुसरं टोक पाण्यात बसवलेल्या भांड्यात.

"पयली धार आगीवर टाकली तं भडकते," तो म्हणाला. "दुसरी जराशी. तिसरी तं चूल इझवते, नुसतं पानी. साऱ्या धारा एका भांड्यात घेतल्या तं मंधातलं होते, ना कडक ना पानी. म्हून जानता मानूस भांडं बदलवते."

मी तिथंच मातीत बसलो. क्षणाची धार आणि भांड्यातली सरासरी. जे मी दोन वर्षं घोकत होतो ते हा माणूस काडीनं सांगत होता. जाळ मोठा केला तर काय होतं, तेही त्यानं सांगितलं: फेस वर चढतो आणि नळीतून आंबवणच बाहेर येतं. आमच्या पुस्तकात त्याला फोमिंग आणि एन्ट्रेनमेंट म्हणतात. नळीकडचं पाणी तापू द्यायचं नाही, नाहीतर माल हवेत जातो. तो कंडेन्सर झाला. मी विचारलं, "आजा, पयली धार पुन्हा पुन्हा गाळली तं कुठवर कडक होईन?" तो म्हणाला, "होते, होते, मंग एका जाग्यावर थांबते. पुढं कितीही लाकडं जाळ." अल्कोहोल आणि पाण्याचं मिश्रण वजनानं साधारण साडेपंच्याण्णव टक्क्यांच्या पुढं साध्या ऊर्ध्वपातनानं जात नाही, त्याला अ‍ॅझिओट्रोप म्हणतात. मातीच्या मडक्यानं कोणी तिथवर पोचत नाही, त्याचं थांबणं वेगळ्या कारणानं असणार. पण कुठंतरी हद्द असते, हे त्याला माहीत होतं.

त्या दिवसानंतर मी घरातली कामं वेगळ्या डोळ्यांनी बघायला लागलो. मायनं वेचून आणलेला मोह आंगणात पसरलेला असायचा. एकदा मी तिला विचारलं, वाळायला किती दिवस लागतात. ती म्हणाली, "वरचं पानी एका उन्हात जाते. आतलं हरूहरू जाते. मंग कितीही ऊन पडो, ते आपल्या मतानंच जाते." ड्रायिंगच्या धड्यात नेमके हेच दोन टप्पे आहेत. आधी ठरावीक वेगानं पाणी जातं, तेव्हा ऊन आणि वारा महत्त्वाचे. मग वेग उतरत जातो, तेव्हा पदार्थाच्या आतून पाणी बाहेर यायला लागणारा वेळ महत्त्वाचा. दुसऱ्या पेपराच्या अभ्यासक्रमात तर लाकडापासूनची रसायनं, कागदाचा लगदा, झाडांच्या बियांचं तेल, बायोमास गॅसिफिकेशन हे सगळं होतं. बाबांचा बांबू होता, मोहाच्या टोरीचं तेल होतं. परीक्षेच्या यादीत हा विषय का ठेवला असेल याची थट्टा मी नंतर कधी केली नाही.

पण जंगल म्हणजे नुसता अभ्यासक्रम नव्हता.

मोह वेचणारे लोक झाडाखालचा पालापाचोळा जाळतात. जमीन साफ झाली की फुलं पटकन दिसतात. तीच आग पुढे जंगलात सरकते. वनशास्त्राच्या उत्तरात मी हे मुद्दे घालून लिहायचो: कारणं, परिणाम, रोपं जळणं, मातीवरचं आवरण जाणं, उपाय. आणि त्याच मार्चात, २०१६ साली, पहाटे माय माचिस घेऊन निघाली तेव्हा मी तिला अडवलं.

"जाळू नको माय. आग पुढं जाते."

"मंग फुलं कशी दिसतीन?"

"झाडून घे."

ती माझ्याकडे बघत राहिली. "झाडासाठी वाकलो तं पाठ वर होते बापू. वाकल्या मानसाले वाघ जनावर समजते. पालाही तसाच रायला तं तो येऊन बसला तरी दिसत नाई. जाळलं तं लांबून दिसते तरी."

हे माझ्या कुठल्याच उत्तरात नव्हतं. आठवड्यानं शेजारच्या गावातली एक बाई मोहाच्या झाडाखाली वाघाच्या तोंडी गेली. मायची ओळखीची. बाजारात दोघी शेजारी बसायच्या. आम्ही गेलो तेव्हा झाडाखाली तिची टोपली होती आणि माणसं गोळा झाली होती. दोन वनरक्षक आले होते, त्यातला एक माझ्याच वयाचा. लोकांनी त्याला घेरलं, ढकललं, कॉलर धरली. त्याच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. मी गर्दीच्या कडेला उभा होतो. मला त्या बाईचं वाईट वाटत होतं आणि त्या पोराचंही, आणि दोन्ही एकाच वेळी वाटणं मला चोरी केल्यासारखं वाटत होतं. परत येताना बाबा म्हणाले, "त्याच्या जाग्यावर तू असतास तं का सांगतास लोकाईले?"

या प्रश्नालाही छत्तीस मिनिटं पुरली नसती.

दुसऱ्या दिवसापासून मी चारला पुस्तक उघडणं सोडलं. खराटा आणि टॉर्च घेऊन मायसोबत जाऊ लागलो. आमच्या वाट्याला येणाऱ्या सहा झाडांखाली मी आधी उभ्यानं झाडून घ्यायचो, मग माय वेचायची आणि मी पाठ तिच्याकडे करून जंगलाकडे तोंड करून उभा राहायचो. हातात टॉर्च, तोंडानं मोठ्यानं पाठांतर. रेनॉल्ड्स नंबर, न्यूसेल्ट नंबर, प्रांट्ल नंबर. माय म्हणायची, "बोलत राय, जनावर आवाजानं दूर रायते." इतक्या मोठ्यानं आणि इतक्या कामाचा अभ्यास मी पुन्हा कधी केला नाही.

त्या ऑगस्टात पूर्वपरीक्षा निघाली. वन सेवेच्या शारीरिक चाचणीत पुरुषांना चार तासांत २५ किलोमीटर चालावं लागतं, बायांना १४. मुख्य परीक्षेच्या तयारीसोबत मी रोज संध्याकाळी रस्त्यानं चालायला लागलो. बाबांनी विचारलं, हे काय? मी नियम सांगितला. बाबा कधी नव्हे ते खळखळून हसले. "हे परीक्षा हाये? कुपात जाऊन येऊन, वरून दिवसभर तोडून, आमाले कोनी साहेब नाई केलं."

मुख्य परीक्षा नोव्हेंबरात, पुन्हा नागपूरला. आठ तारखेच्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्या. मायनं माझ्या खर्चासाठी डब्यात साठवलेले पैसे पाचशेच्याच नोटांचे. गोंडपिपरीच्या बँकेत बाबा दोन दिवस रांगेत उभे राहिले आणि शंभराच्या नोटा करून आणल्या. मी एका जुन्या मित्राच्या खोलीत सतरंजीवर झोपलो आणि पोह्यांवर दिवस काढले. केमिकलच्या पेपराच्या आदल्या रात्री झोप आली नाही. सकाळी बाकावर बसलो तेव्हा कानात गुरुजींचं घड्याळ वाजत होतं. पहिला प्रश्न छत्तीस मिनिटांत सोडला, एक तुकडा अपुरा ठेवून. पाचही प्रश्न लिहून झाले तेव्हा चार मिनिटं शिल्लक होती. त्या चार मिनिटांत मी आकृत्यांना राहिलेली नावं दिली. पेपर किती चांगला गेला ते ठाऊक नव्हतं. पण एकही पान नुसत्या आकृतीवर संपलं नव्हतं.

मुलाखतीला बोलावणं आलं. २०१७ च्या सुरुवातीला दिल्लीत शहाजहान रोडवरच्या धौलपूर हाऊसमध्ये गेलो. गुरुजींचा कोट अंगावर होता, बाह्या बोटभर आखूड. माझ्या अर्जावर जिल्हा बघून एका सदस्यानं विचारलं, "बांबू झाड आहे की गवत?"

मला उत्तर पाठ होतं. वनस्पतिशास्त्रात बांबू गवताच्या कुळातला. १९२७ च्या भारतीय वन कायद्यातल्या व्याख्येत मात्र झाड. २००६ च्या वनहक्क कायद्यात तो गौण वनोपज, म्हणजे ज्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला त्यांनी तो तोडून विकावा. आमच्या गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर असा हक्क मिळाला, आणि २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. हे सगळं मी छोट्या वाक्यांत, नीट क्रमानं सांगितलं. सदस्यांनी मान डोलावली. मग दुसऱ्यानं विचारलं, "तुमचं स्वतःचं काय मत?"

मला आजोबा आठवले, बकरी आठवली, बाबांचा प्रश्न आठवला. आणि मी म्हणालो, कायदे एकमेकांशी जुळवून घेण्याची गरज आहे. उत्तर चुकीचं नव्हतं. पण माझंही नव्हतं. घरची गोष्ट सांगितली तर मी वन खात्याविरुद्धचा माणूस वाटेन अशी भीती वाटली. त्यामुळे गुण गेले असं मी म्हणत नाही, कुणाला कशाचे किती गुण मिळाले ते आपल्याला कुठं कळतं. बाहेर आल्यावर शहाजहान रोडवर उभं राहून मला एवढंच वाटलं, की तीन वर्षं ज्या प्रश्नासाठी घासली, तो प्रश्न समोर आला तेव्हा मी पाठांतर म्हटलं.

अंतिम यादीत नाव नव्हतं. सगळ्या देशातून शंभराच्या आसपास जागा, त्यात मी नव्हतो. घरी सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "कितीक चाललास?" मी म्हटलं, पंचवीस किलोमीटर, वेळेच्या आत. "मंग झालं," ते म्हणाले आणि मला बाजूला सरकून बसायला जागा दिली. मायनं काही विचारलं नाही. रात्री ताटात एक भाकर जास्त वाढली. त्याच वर्षी नोव्हेंबरात केंद्रानं अध्यादेश काढून जंगलाबाहेरच्या जमिनीवरचा बांबू झाडाच्या व्याख्येतून काढला. मी बाबांना पेपरातली बातमी वाचून दाखवली. ते म्हणाले, "आता बकरी वापस देतीन का?" या वेळी आम्ही दोघंही हसलो.

पुढे राज्याची परीक्षा देऊन एका तंत्रनिकेतनात शिकवायला लागलो. सरकारी नोकरी लागली, जंगलाची नाही. माझ्या वर्गात खेड्यातली पोरं-पोरी असतात, मराठी शाळेतून आलेली, इंग्रजी वाक्याच्या मध्यावर अडकणारी. मी टेबलावर घड्याळ ठेवतो. डिस्टिलेशनचा धडा आला की पहिल्या धारेची गोष्ट सांगतो. वर्ग हसतो, आणि परीक्षेत त्या प्रश्नाला सहसा कोणी चुकत नाही. गेल्या वर्षी एका पोरीनं विचारलं, "सर, वन सेवेला खरंच आपला विषय चालतो?" मी तिला गुरुजींच्या लाल रेघा असलेल्या वह्या दिल्या. सोबत एक गोष्टही सांगितली. तुझं मत विचारलं तर तुझंच सांग. त्यानं होईल ते होईल.

गुरुजी आता नाहीत. घड्याळ त्यांच्या मुलानं मला दिलं.

मार्चात मी आठ दिवस रजा घेऊन गावी जातो. माय थकली आहे, पण मोह पडायला लागला की तिला घरात बसवत नाही. पहाटे चारला आम्ही निघतो. मी सहाही झाडांखाली झाडून घेतो, मग तिच्याकडे पाठ करून जंगलाकडे टॉर्च धरून उभा राहतो. फुलं टोपलीत पडायला लागतात. थोड्या वेळानं मागून तिचा आवाज येतो, "गप कायले उभा? पोथी म्हन ना."

मी मोठ्यानं म्हणायला लागतो.